साखऱ्यांचं हाऊसफुल्ल

वसंत साखरे कुठेही गेले की दारातूनच विचारायचे, "हाऊस कसं आहे?" लग्नाच्या हॉलवर, बारशाला, शाळेच्या पालकसभेला, इलेक्शनच्या सभेला, सगळीकडे हेच. कार्यक्रमाच्या धंद्यात हाऊस म्हणजे जमलेलं पब्लिक, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. उत्तराची ते वाट बघत नसत. मान थोडी वर करून खुर्च्यांवरून एक नजर फिरवायचे आणि स्वतःच निकाल द्यायचे, "ठीक आहे," किंवा "पडलं." मला हा माणूस कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की बाई जरा जास्तच बोलतायत. मी जास्तच बोलणार आहे.

साखरे-भाकरे ही जोडी आमच्या अंबरनाथची. दोघंही बुवापाड्यातले, दोघंही काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी जयंतीच्या मंडपात, गणपतीत, हळदीच्या कार्यक्रमात स्टेजवर उभे राहून लोकांना हसवायचे. कर्जतपासून कल्याणपर्यंत त्यांना बोलावणी असायची. साखरे उंच, गोरे, कडक इस्त्रीचे. भाकरेकाका, म्हणजे नामदेव भाकरे, बुटके, पोट सुटलेले, बोलताना डोळे मोठे करणारे. साखऱ्यांनी प्रश्न विचारायचा, त्यांच्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या भाकरेकाकांनी उत्तर द्यायचं, आणि लोकांनी हसायचं. इतका साधा तो प्रकार होता. आता लोक कोणाच्या बोलण्यावर हसत होते, हे मंडपातल्या शेंगदाणेवाल्यालाही कळत होतं. साखऱ्यांना मात्र ते शेवटपर्यंत मान्य नव्हतं. म्हणायचे, "हशा माझाच असतो बाई. मी प्रश्न टाकतो म्हणून तो येतो. नामा नुसता उचलतो."

मी भाकऱ्यांच्या समोरच्या खोलीत राहायचे. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून साखरे मला बाई म्हणायचे. त्या 'बाई'त मान कमी आणि चेष्टा जास्त असे. भाकरेकाकांची बायको सुमनमावशी. त्यांच्याकडे साखरे दर रविवारी येऊन बसत. पुढे बदलापूरला नवीन बिल्डिंगा उठल्या तेव्हा त्यांनी तिकडे फ्लॅट घेतला आणि बुवापाड्यात ते पाहुणे म्हणून येऊ लागले. सफारी, हातात रुमाल, आणि बसायच्या आधी खुर्चीवर त्या रुमालाचा एक फटका. त्याच खोलीत ते वर्षानुवर्षं सतरंजीवर बसून जेवले होते. फ्लॅट झाल्यावर त्यांचा 'जयभीम'सुद्धा बदलला. गल्लीत कोणी जयभीम घातला तर ते नुसती मान हलवायचे आणि बदलापूरकडच्या कोणाचा फोन आला की "नमस्कार, नमस्कार" करत उठून बाहेर जायचे. मावशी चहा पुढे करायच्या. तो अर्धा पिऊन खाली ठेवायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या घरात एकदाही पूर्ण कप चहा प्यायलेला मी बघितला नाही.

सुमनमावशींनी आपल्या नवऱ्याला स्टेजवर कधी बघितलं नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही, पण खरं आहे. साखऱ्यांचा तसा नियमच होता. "घरची बाई समोर बसली की नामाची बोबडी वळते," असं ते म्हणायचे. भाकरेकाका गरीब स्वभावाचे. साखरे एक बोलले की त्यांच्या तोंडून दुसरं निघत नसे. त्यामुळे जयंतीचा कार्यक्रम घरामागच्या मैदानात असला तरी मावशी घरात भाकऱ्या थापत असायच्या. मैदानातले शब्द घरापर्यंत यायचे नाहीत. यायचं ते फक्त हसणं. मोठा हशा आला की मावशींचा हात तव्यावर थांबायचा. मला विचारायच्या, "काय बोलले गं असतील?" काका घरी आले की थकलेले असत, पहाटे पहिली पाळी. जेवून झोपायचे. स्टेजवरचं घरी सांगायची त्यांना लाज वाटायची.

एक गोष्ट मात्र मावशींना न सांगता कळायची. जोडीच्या एका नकलेत साखरे घरमालक व्हायचे आणि भाकरेकाका खोली बघायला आलेले भाडेकरू. शेवटी घरमालक वैतागून भाडेकरूच्या कानाखाली काढतो. ती थप्पड खोटी ठरलेली होती. साखऱ्यांनी हात फिरवायचा, पेटीवाल्याने मागून टाळी वाजवायची. पण काकांनी ठरलेलं सोडून मनचं काही घातलं आणि लोक जास्त हसले, की त्या दिवशी पेटीवाल्याला टाळी वाजवावी लागत नसे. एकदा साखऱ्यांनी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "खोलीत हवा भरपूर आहे." काकांनी त्या एवढ्याशा खोलीकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मग आधी तिला बाहेर काढा, म्हणजे आम्ही मावू." मंडप कोसळला. साखऱ्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "पाणी चोवीस तास!" काका म्हणाले, "छपरातून?" हे तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोक मांड्यांवर हात मारून हसत होते आणि साखऱ्यांनी सगळ्यांसमोर काकांच्या डाव्या गालावर अशी ओढली की काका हेलपाटले. लोकांना वाटलं, काय अ‍ॅक्टिंग आहे! आणखी हसले. मी तिसऱ्या रांगेत होते. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून 'छपरातून' त्या नकलेत कायमचं राहिलं, कारण बोलावणारे तेच मागायचे. थप्पडही खरीच राहिली. मावशी म्हणायच्या, "गाल लाल असला की समजायचं, प्रोग्राम रंगला." हे त्या तक्रार म्हणून सांगायच्या नाहीत, याचाच मला राग यायचा. मी एकदा साखऱ्यांना तोंडावर विचारलं, "काका, तुम्ही त्यांना खरंच का मारता?" त्यांनी माझ्याकडे, वर्गात भलताच प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. "टायमिंग असतं बाई ते. तुम्हाला नाही कळायचं."

भाकरेकाका गेले ते आजारपणाने, फार हाल न होता. त्यांच्या अंत्ययात्रेला सगळा बुवापाडा लोटला होता. कारखान्यातले लोक, मंडळांचे लोक, कुठकुठल्या गावचे, ज्यांच्या हळदीला काकांनी हसवलं होतं असे. साखरे तिरडीच्या पुढे चालत होते. कोपऱ्यावर वळताना त्यांनी मागे बघितलं, मान थोडी वर करून लांबपर्यंत नजर फिरवली आणि शेजारच्याला म्हणाले, "हाऊस बरं आहे." मी ते माझ्या कानांनी ऐकलं. त्यानंतर या माणसाबद्दल चांगलं बोलायची माझी तयारी संपली.

पुढे काही वर्षांनी त्या जोडीवर सिनेमा निघाला. लहानपणी मंडपात बसून त्यांना बघितलेला बदलापूरचाच एक तरुण आता सिनेमे करू लागला होता, त्याने काढला. सिनेमाचं नावच 'साखरे-भाकरे'. साखरे हवेत होते. त्या तरुणाला त्यांनी महिनाभर फ्लॅटवर बोलावून आपली कहाणी सांगितली. भाकऱ्यांच्या घरी तो एकदाच आला. मावशींनी त्याला काकांचा स्टेजवरचा कोट दाखवला, आणि तो मुलगा त्याची बटणं, खिसे एकेक करून बघत राहिला. त्याचं नशीब आणि आमचंही, की त्याच्या डोक्यात मंडपातला भाकरे पक्का बसलेला होता.

मुंबई-पुण्याला सिनेमा बेताचाच चालला. मोठ्या हिंदी सिनेमांपुढे त्याला खेळच मिळत नव्हते. आमच्याकडे उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमधल्या थिएटरला तो लागला, तोही फक्त मॅटिनीला. तिथले मॅनेजर टेकचंदभाई, पांढरा लेंगा-कुर्ता, सिंधी माणूस. तिकडे मराठी सिनेमा म्हणजे आठवड्याचा पाहुणा. टेकचंदभाईंनी सरळ सांगितलं होतं, "एक हफ्ता मॅटिनी. संडे को पब्लिक आया तो अगला हफ्ता शाम का शो देता हूँ. नहीं आया तो मंडे को पोस्टर उतरेगा."

शुक्रवारी बऱ्यापैकी लोक आले. शनिवारी त्याहून जास्त. गल्लीतली पोरं बघून आली आणि नाक्यावर उभी राहून "छपरातून?" करत होती. अंबरनाथहून, बदलापूरहून रिक्षा भरून लोक जात होते. मावशींना मी म्हटलं, चला शनिवारी. त्या म्हणाल्या, "नको, रविवारी जाऊ. रविवारी आपले सगळे येणारेत. भरलेल्या थेटरात बघायचाय मला. ते बोलतात आणि लोक हसतात, हे दोन्ही एका टायमाला बघायचंय गं एकदा." त्यांनी पांढरी, निळ्या काठाची साडी काढून ठेवली. ती एरवी त्या फक्त जयंतीला नेसायच्या.

शनिवारी संध्याकाळी साखरे आले. चेहरा उतरलेला. मला वाटलं तब्येत बरी नाही. मग कळलं, ते शुक्रवारी मागे बसून सिनेमा बघून आले होते. लोक सुटताना ते मुद्दाम दारात उभे राहिले होते, आणि त्यांना कोणी ओळखलं नव्हतं. लोक त्यांच्या अंगावरून "तो भाकरे कसला भारी आहे यार" म्हणत पुढे गेले होते. साखरे खुर्चीला फटका न मारताच बसले.

"पब्लिकला अक्कल राहिली नाही," ते म्हणाले. "कुठे हसायचं तेच कळत नाही. घरमालकाचं एवढं मोठं काम, त्यावर एक हशा नाही."

मावशी म्हणाल्या, "भावोजी, पण चालतोय ना सिनेमा?"

"चालतोय काय! उद्या बघा. उद्याचं हाऊस मी फुल्ल केलंय." आमच्या वॉर्डात इलेक्शनला उभं राहायला निघालेला एक पुढारी होता. साखऱ्यांनी त्याला गाठून रविवारचा सगळा खेळ त्याच्या खर्चाने घ्यायला लावला होता, आणि पास वाटायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. "माझी माणसं बसवतो. बदलापूरची, सुशिक्षित. बघा कुठे हसतात ते."

मला एकदम त्यांचंच बोलणं आठवलं. आयुष्यभर ते सांगत आले होते, पासवाला हसत नाही, तिकीटवाला हसतो. खिशातून गेलेलं असतं म्हणून तो हसूनच वसूल करतो. पासवाल्यांचे कार्यक्रम ते घेतच नसत. मी विचारलं, "काका, सगळे पासवाले?"

"ती माझी माणसं आहेत," ते म्हणाले आणि मावशींच्या हातात दोन पास ठेवून उठले. "ह्या वेळी तुम्ही पुढे बसा वहिनी. माझी परवानगी आहे."

परवानगी! मावशींनी ते पास बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवले.

रविवारी आम्ही रिक्षाने कॅम्प एकला उतरलो तेव्हा थिएटरच्या दारावर लाल अक्षरांचा हाऊसफुल्लचा बोर्ड लटकत होता आणि बाहेर ही गर्दी. अर्धा बुवापाडा उभा होता. बायका नटून आलेल्या, म्हाताऱ्यांना धरून आणलेलं, पोरं कडेवर. बुकिंगची खिडकी बंद. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, एक पण तिकीट नाही. पण आनंद आहे बघा. नामदेवभाऊंचा पिक्चर हाऊसफुल्ल!" मावशींनी त्या बोर्डाकडे हात जोडले. लोकांनी त्यांना वाट करून दिली.

आत गेलो तर थिएटर रिकामं. पुढे चारदोन माणसं, बाल्कनीत एक जोडपं, ते सिनेमासाठी आलेलं नसावं. मला वाटलं आपण लवकर आलो. मग घंटा झाली, दिवे गेले, जाहिराती सुरू झाल्या, आणि दार काही हललं नाही. त्या दिवशी टीव्हीवर मॅच होती. फुकटात मिळालेल्या पासासाठी बदलापूरहून दुपारच्या उन्हात कोण येतो? साखऱ्यांची सगळी माणसं पंख्याखाली बसून मॅच बघत होती.

मी उठून बाहेर आले. साखरे लॉबीत उभे होते, टेकचंदभाई त्यांच्यासमोर. कँटीनच्या काउंटरवर समोशांचा डोंगर तसाच.

"साखरेजी, टिकट तो सब बिका," टेकचंदभाई म्हणत होते, "लेकिन आदमी किधर है? टिकट का पैसा तो पिक्चरवाले ले जाएँगे. मेरा तो कँटीन है, सायकल स्टँड है. खाली कुर्सी समोसा खाएगी?"

मी म्हटलं, "बाहेर एवढी माणसं उभी आहेत. त्यांना आत सोडा ना."

"मैं तो अभी छोड़ दूँ बहनजी. लेकिन सीट इनकी बुक है. ये हाँ बोलें."

मी साखऱ्यांकडे वळले. हात जोडले. या माणसासमोर मी त्याआधी कधी हात जोडले नव्हते. "काका, मावशी आत एकट्या बसल्यात. बाहेर सगळे आपलेच लोक आहेत. हो म्हणा."

साखऱ्यांनी मान थोडी वर केली, काचेतून बाहेरच्या गर्दीवर नजर फिरवली. ती गर्दी कोणाला बघायला आली होती हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते म्हणाले, "बोर्ड लागलाय. एकदा बोर्ड लागला की दार उघडत नाही बाई, हा ह्या लाइनचा नियम आहे. माझी माणसं मॅच संपली की येतील. त्यांनी काय उभं राहायचं?"

मी बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही. साखरे रुमालाने कपाळ पुसत ऐकत राहिले आणि हलले नाहीत. बाहेरचे लोक थोडा वेळ थांबले, मग बायका पोरांना घेऊन रिक्षा शोधायला लागल्या. चिडलं कोणीच नव्हतं. हाऊसफुल्ल आहे म्हटल्यावर चिडायचं कशावर?

मी आत परत आले तेव्हा पडद्यावर घरमालकाची नक्कल सुरू झाली होती. सिनेमातला भाकरे खरंच काकांसारखा होता, तेच पोट, तेच डोळे. अंगात तोच कोट. मावशी खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या होत्या. पडद्यावरचा घरमालक म्हणाला, "पाणी चोवीस तास!" भाकरे म्हणाला, "छपरातून?" आणि थांबला. लोक हसतील म्हणून सिनेमा काढणाऱ्या मुलाने तिथे मोकळी जागा ठेवली होती. त्या जागेत थिएटरचे पंखे ऐकू आले. तेवढ्यात मावशी हसल्या. खुदकन, एकट्याच. तो आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून केवढा तरी मोठा झाला, आणि त्यांनी चटकन पदर तोंडाला लावला. पुढे पूर्ण सिनेमाभर तो पदर त्यांनी काढला नाही. थप्पड आली तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला.

खेळ सुटला तेव्हा साखरे दाराच्या आत, भिंतीला टेकून उभे होते. केव्हा आत आले होते कोण जाणे. मावशी त्यांच्यासमोर थांबल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "भावोजी, त्या छपराच्या बोलण्यावर तुम्ही तरी हसायचं होतं."

साखऱ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते बाहेर बोर्डाकडे निघाले.

सोमवारी पोस्टर उतरलं. तिकडे वितरकाच्या माणसांनी पेपरात जाहिरात दिली, उल्हासनगरला हाऊसफुल्ल. पुढे तो तरुण मला भेटला तेव्हा म्हणाला, सगळ्या महाराष्ट्रात त्याच्या सिनेमाचा तेवढा एकच खेळ हाऊसफुल्ल गेला. मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. सुमनमावशींना भरलेल्या थिएटरात तो बघायचं सुख नंतरही मिळालं नाही. सिनेमा पुन्हा कुठल्या थिएटरला लागला नाही, आणि दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या. साखरे त्यांच्या मातीला आले होते म्हणतात. मी बघितलं नाही, बघायचंही नव्हतं.

साखऱ्यांना मी शेवटचं बघितलं ते त्या रविवारीच. आम्ही रिक्षात बसलो होतो आणि पुढे हातगाड्या अडकल्या होत्या. थिएटरच्या दारात साखरे हाऊसफुल्लच्या बोर्डाखाली उभे होते. फोटोसाठी त्यांनी कॅम्पातल्या स्टुडिओवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं, आणि तो बिचारा वेळेवर आला होता. सफारी नीट केली, केसांवरून हात फिरवला. पण ते बोर्डाच्या मधोमध उभे राहिले नाहीत. उजवीकडे सरकून उभे राहिले, स्टेजवर राहायचे तसे.

"अंकल, बीच में आओ ना," स्टुडिओवाला ओरडला. "बाजू में इतना जगा खाली क्यों छोड़ा?"

साखरे हलले नाहीत. डाव्या हाताला एका माणसापुरती जागा ठेवून ते तसेच ताठ उभे राहिले. मावशी रिक्षातून बघत होत्या, पांढऱ्या साडीत, पदर पुन्हा तोंडाशी, अगदी समोर. त्या जागेत येऊन उभं राहायला साखऱ्यांनी त्यांना बोलावलं नाही.

फोटो निघाला. मावशींनी पदर खाली घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया."